ओंडक्याची बाजू

"बास्केट वर असते. वर. कुणीतरी सांगा रे त्याला. एवढा ताडमाड माणूस आणि उडी मारतो ती केवढी, तर पायाखालून वर्तमानपत्र सरकवता येईल एवढी. काल चेंडू त्याच्या डोक्यावर आपटून आत गेला असता ना, तर ती त्याची या सीझनमधली पहिली बास्केट ठरली असती."

हे माझे वडील बोलत होते आणि ते स्टेडियममध्ये नव्हते. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात, आईच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून ते बोलत होते. आई उशांना टेकून त्यांच्याकडे बघत होती. मेंदूत रक्तस्राव झाला त्या सकाळी तिचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि तोंडातले सगळे शब्द गेले. हाताची बोटं आता थोडी हलायला लागली होती. शब्द मात्र एकही परत आला नव्हता. तिला ऐकू येतं, सगळं कळतं, असं डॉक्टर म्हणायचे. तिच्या डोळ्यांकडे बघून ते आम्हालाही दिसत होतं.

मी दारातच थबकले. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांना फ्रेम लावून बघत उभी होते, हातात आईच्या धुतलेल्या गाऊनची पिशवी होती, आणि बाबांचा आवाज मला जिन्यापासून ऐकू येत होता. समोरच्या पलंगावरच्या आजींनी कानावर उशी दाबून घेतली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"बाबा, हळू बोला."

"का? इथे कुणाची परीक्षा आहे?"

"सिस्टर कालच बोलल्यात तुम्हाला."

"सिस्टरना बोलायला काय जातंय. ओळीने चार मॅच हरल्यात का त्या? आणि वर तो कोच टीव्हीवर सांगतो, अजून सुरुवात आहे, घाबरायचं कारण नाही. सुरुवात आहे म्हणे. म्हणजे सुरुवातीला हरलेल्या मॅच मोजायच्या नसतात का?"

आमच्या शहराचा बास्केटबॉलचा संघ हिरव्या कपड्यांत खेळतो आणि बाबा गेली कित्येक वर्षं त्याच्यावर मनापासून संतापलेले आहेत. त्यांच्या लेखी त्या संघात कुणालाही स्वतःचं नाव नाही. तो जो नवा, महागडा खेळाडू आणला, ज्याचे फोटो शहरभर चौकाचौकांत लागलेत, तो 'जाहिरात'. तो चेंडू हातात आला की लांबूनच रिंगकडे फेकतो, कारण जवळ गेलं तर केस विस्कटतात, असं बाबांचं मत. चेंडू घेऊन पुढे पळणारा छोटा गडी म्हणजे 'घाईगडबड'. प्रतिस्पर्ध्यांच्या हातात अचूक पास देणारा तो 'दानशूर'. कोच 'मास्तर', कारण तो दर दोन मिनिटांनी पाचच्या पाच माणसं बदलून वर्गातल्या मुलांसारखी सगळ्यांना पाळी देतो. बंदराच्या शहरातला संघ या हंगामात जिंकत होता तो फक्त एवढ्यासाठी, की त्यांनी तीच पाच माणसं तिसऱ्या वर्षीही टिकवून ठेवली होती. "एकमेकांची पाठ ओळखतात ती," बाबा म्हणायचे. "आमची पोरं एकमेकांची तोंडं बघून ओळख करून घेतायत अजून."

आणि ज्याला आत्ता शिव्या चालल्या होत्या, तो ओंडका. संघातला सगळ्यात उंच, सगळ्यात जुना आणि बहुतेक वेळ बाकावर बसणारा. त्याला मैदानात आणायचं ते समोरच्या संघाचा एखादा दांडगा माणूस अडवायला. बाबांचा त्याच्यावरचा राग बाकी सगळ्यांवरच्या रागाची बेरीज केली तरी जास्त भरला असता, आणि त्याला कारण आई होती.

बाकी सगळ्या संघाबद्दल दोघांचं अगदी एकमत होतं. जाहिरातीला आईने बाबांच्याही आधी ओळखलं होतं. पण ओंडक्यावर कुणी बोललेलं तिला खपायचं नाही. का, ते तिने एकदाच सांगितलं होतं. "मैदानात जो पडेल त्याला हा हात देतो. आपला असो, त्यांचा असो." त्यावर बाबा म्हणाले होते, "हात द्यायला ठेवलेला नाही त्याला. तेवढंच करायचं तर दवाखाना काढ म्हणावं." झालं. तिथून जे सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं. मॅच संपायची, मी झोपायला जायचे आणि स्वयंपाकघरात ओंडक्याचा खटला सुरू असायचा. बाबा आवाज चढवायचे. आई चढवायची नाही. ती टॅक्सीच्या ऑफिसात वायरलेसवर बसायची, शहरभरच्या ड्रायव्हरांना कुठून कुणाला उचलायचं ते सांगायची. एकाच वेळी वीस जण बोंबलत असताना कुणाला कसं गप्प करायचं ते तिला बरोबर ठाऊक होतं. बाबांचं दहा मिनिटांचं भाषण संपेपर्यंत ती भांडी पुसत थांबायची आणि मग एका वाक्यात त्यांची हवा काढायची. आमच्या घरात प्रेमाचं म्हणून दुसरं काही बोलणं झालेलं मी तरी ऐकलेलं नाही.

म्हणूनच मला त्या संध्याकाळी संताप आला. जिच्या तोंडाला कुलूप लागलंय तिच्यापुढे बसून तिच्या माणसाला शिव्या द्यायच्या, आणि तिने नुसतं ऐकून घ्यायचं. आईच्या मानेवरची शीर उडत होती. मी बाबांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर व्हरांड्यात आणलं.

"काय चाललंय हे? कार्डवाल्या बाईंनी काय सांगितलंय? शांत बोला, हळू बोला, छोटी वाक्यं बोला, वाद घालू नका. चारही गोष्टींच्या उलट करताय तुम्ही."

कार्डवाल्या बाई म्हणजे बोलणं शिकवायला येणाऱ्या तज्ज्ञ. बाई चांगल्या होत्या, चिकाटीच्या होत्या. रोज सकाळी येऊन आईपुढे चित्रांची कार्डं धरायच्या. कप. किल्ली. छत्री. "हे काय आहे, सांगा बघू?" आई पहिले दोन दिवस प्रयत्न करताना दिसली. नंतर कार्ड पुढे आलं की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, पण हे बाईंना सांगायची मला हिंमत नव्हती.

"कपाबद्दल काय बोलायचं असतं माणसाला?" बाबा म्हणाले. "कप आहे. बरं. पुढे?"

"तुम्ही तिला त्रास देताय, बाबा."

"देतोय. मुद्दाम देतोय." त्यांनी खिशातून फडकं काढून हात पुसले. त्यांचे हात नेहमीच ग्रीसचे असतात, पुसले काय नि न पुसले काय. ते लिफ्ट दुरुस्त करतात. "हे बघ. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत माणूस असला, तर मी आधी मोटरकडे जात नाही. आधी दाराशी जातो आणि त्याच्याशी बोलतो. आमचे नवीन लोक सांगतात, शांत राहा, दीर्घ श्वास घ्या. तसं सांगितलं की माणूस आणखी घाबरतो. मी विचारतो, काय हो, या इमारतीचा मालक लिफ्टवर खर्च करतो की नाही? की लागला बोलायला. मालकाला शिव्या, वॉचमनला शिव्या, मला शिव्या. दार उघडेपर्यंत बोलत राहतो. चिडलेला माणूस चक्कर येऊन पडत नाही, पोरी. इतकी वर्षं बघतोय."

"आई काही लिफ्टमध्ये अडकलेली नाही."

"मग कुठे आहे?"

मी जास्तच चिडले. म्हटलं, तुमचे प्रयोग त्या मशीनवर करा, माझ्या आईवर नको. ते आत गेले आणि ओंडक्याच्या पायांवर घसरले.

खरी भीती वेगळीच होती. महिनाअखेरीस डॉक्टर तपासणी करणार होते. बोलण्यात काही प्रगती दिसली तर आईला याच वॉर्डात ठेवणार होते, रोज शिकवणी, रोज व्यायाम. नाही दिसली तर ही जागा दुसऱ्या पेशंटला, आणि आईची रवानगी शहराबाहेरच्या कायमच्या निवासात. मी ती जागा बघून आले होते. स्वच्छ होती. तिथे जेवण भरवत होते, अंघोळ घालत होते, कूस बदलून देत होते. बोलायला शिकवणारं तिथे कुणी नव्हतं, आणि सगळी माणसं खिडकीकडे तोंड करून ओळीने बसवलेली होती. डॉक्टरांना विचारलं की ते हसून म्हणायचे, "अजून सुरुवात आहे, घाई करू नका." बाबा त्या वेळी डॉक्टरांकडे ज्या नजरेने बघायचे, त्याच नजरेने ते टीव्हीवर मास्तरकडे बघतात.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी दुकानात मला बाबांचा फोन आला. कामाच्या वेळात ते कधी फोन करत नाहीत. एका गिऱ्हाइकाच्या कानामागे मी फ्रेमची दांडी बसवत होते, ती तशीच सोडून मी मागे पळाले.

"काढलं," बाबा म्हणाले. मागे मोटरचा घरघराट होता. कुठल्यातरी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीतून बोलत होते.

मला वाटलं, आईला वॉर्डातून काढलं. "कधी? कुणी सांगितलं?"

"आत्ता रेडिओवर. ओंडक्याला काढलं. करार रद्द. आजच्या आज सामान घेऊन जा म्हणाले त्याला."

त्या क्षणी बाबा समोर असते तर काय बोलले असते सांगता येत नाही. "बाबा, मी इथे अर्धी मेले. आणि तुम्हाला काय झालं? पेढे वाटावेसे वाटायला हवेत. आयुष्यभर हेच तर मागत होतात."

"मी मागत होतो. त्यांनी द्यायला नको होतं."

मग त्यांचा बांध फुटला. हरतंय कोण, तर जाहिरात. मॅचमागून मॅच लांबून फेकतोय आणि रिंगवर आपटतोय. चुका कुणाच्या, दानशूरच्या. आणि काढलं कुणाला? बाकावर बसलेल्याला. बाकावर बसून कुणी संघ हरवतं का? तो चार लोकांसमोर नरडं वर करून काही बोलणार नाही म्हणून त्याला काढला. मालकाला काहीतरी केल्यासारखं दाखवायचं होतं, मास्तरला आपली खुर्ची वाचवायची होती. एवढी वर्षं राबला, निदान सीझन तरी संपू द्यायचा होता. "सुरुवात आहे म्हणत होते ना? मग सुरुवातीलाच माणसं का टाकून देताय?"

मागची मोटर बंद झाली होती.

"तुझ्या आईला सांगायचं नाही," ते म्हणाले.

वॉर्डातल्या टीव्हीवर खेळाचं चॅनल लागत नव्हतं, वर्तमानपत्र आईला आता वाचता येत नव्हतं. तेव्हा लपवणं सोपं होतं. पण बाबा नुसते लपवून थांबले नाहीत. संध्याकाळी मी गेले तेव्हा स्टुलावर बसून ते कालची मॅच सांगत होते आणि त्या मॅचमध्ये ओंडका खेळत होता. नुसता खेळत नव्हता, जवळजवळ पूर्ण वेळ खेळत होता. खरं तर तो एवढ्यात कुठल्यातरी बसमध्ये पाय दुमडून बसला असेल. पण बाबांच्या मॅचमध्ये त्याने रिंगवरून उसळलेले दोन चेंडू सोडले, एक पास थेट प्रेक्षकांत मारला, बंदरवाल्यांच्या पोराला अडवायला जाऊन स्वतःच आपटला, आणि वर उठून त्या पोरालाच हात दिला. "हात दिला. बघ. पाच गुणांनी मागे आहोत आणि हा हात देतोय."

आईच्या डाव्या हाताची मूठ वळलेली मी पाहिली. त्या दिवशीही मी बाबांना जिन्यात गाठलं.

"आता थापासुद्धा? आजारी बाईला फसवताय तुम्ही."

"मग काय सांगू? की तुझ्या हातातून सगळं गेलं, वर तुझा माणूसही गेला? तिला बाजू घ्यायला दुसरं कोण आहे या वॉर्डात?"

"मी आहे."

"तुझी बाजू घ्यायला लागत नाही. तू स्वतःच भांडतेस," बाबा म्हणाले आणि जिना उतरून गेले. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस स्वतः कधी लिफ्टने जात नाही. इतर वेळी मी यावर हसले असते.

मग तो दिवस आला. सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं आणि बाबा कामाच्या कपड्यांत तसेच आत शिरले. काउंटरवर एक बाई आरशात बघत होत्या, त्या बाजूला सरकल्या.

"बोलली," बाबा म्हणाले.

सकाळी भेटायची वेळ नसताना ते कामावर जाता जाता वॉर्डात घुसले होते आणि रात्रीची मॅच सांगत होते. हीसुद्धा अर्थातच मनचीच. शेवटचं मिनिट, एका गुणाने मागे, ओंडक्याला धक्का बसला आणि दोन फ्री थ्रो मिळाले, म्हणजे कुणी न अडवता चेंडू रिंगमध्ये टाकायच्या दोन संधी. आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. ओंडका फ्री थ्रोला उभा राहिला की आईला बघवायचं नाही. ती टीव्हीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करायची आणि विचारायची, "आत?" बघून सांगायचं काम बाबांचं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला याबाबतीत एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, कारण बहुतेक वेळा खरं त्यांच्याच सोयीचं असायचं.

"मी म्हटलं, उभा राहिला, चेंडू दोनदा आपटला, फेकला. आणि थांबलो. मुद्दाम नाही गं, श्वास घ्यायला थांबलो. तर हिने मान फिरवली. भिंतीकडे. आणि म्हणाली, आत?"

"मग?"

"मग काय, बाहेर म्हणालो."

"बाबा, मॅच तुमची, चेंडू तुमचा. आत म्हणायला काय झालं होतं?"

"ओंडक्याचा फ्री थ्रो आत गेला म्हटलं असतं तर तिला थाप कळली नसती का?"

मी अर्धा दिवस सुट्टी टाकून धावत गेले. आईचा हात हातात घेतला, विचारलं, बोललीस ना? एकदा बोल ना माझ्याशी. आई माझ्याकडे बघत राहिली, तिचे डोळे भरले, ओठ हलले नाहीत. कार्डवाल्या बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "जवळच्या माणसांना असे भास होतात. कधी घशातून नुसता आवाज येतो." मला तेच खरं वाटलं. संध्याकाळी मी बाबांना तसं तोंडावर सांगितलं. "तुम्हाला ऐकायचं होतं ते ऐकलंत तुम्ही." ते ओरडतील म्हणून मी तयार होते. ते ओरडले नाहीत. "तू तरी असं म्हणू नको," एवढंच म्हणाले. त्यानंतर तपासणीपर्यंत आम्ही एकमेकांशी फक्त औषधांबद्दल बोललो.

तपासणीला डॉक्टर स्वतः आले, सोबत कार्डवाल्या बाई आणि फाइल घेऊन सिस्टर. डॉक्टर तरुण होते, गोड बोलणारे. बाईंनी कार्ड धरलं. कप. आईने ओठ मिटले. किल्ली. छत्री. आई छताकडे बघायला लागली. डॉक्टरांनी तिला नाव विचारलं, बोट वर करा म्हटलं, माझ्याकडे बोट दाखवून ही कोण असं विचारलं. आईने डावा हात माझ्या हातावर ठेवला. मला रडू आलं, पण हातावर हात ठेवण्याला त्या फाइलमध्ये रकाना नव्हता.

"हाताची प्रगती चांगली आहे," डॉक्टर म्हणाले. "बोलण्याच्या बाबतीत मात्र... आपण सगळ्यांनीच प्रयत्न केले. जागेचाही प्रश्न असतो. मला वाटतं आता पुढच्या व्यवस्थेचा विचार—"

"परवापर्यंत अजून सुरुवात होती," बाबा म्हणाले. "तुम्हीच म्हणत होतात. घाई करू नका, अजून सुरुवात आहे. मग एका दिवसात शेवट कसा आला? मधलं सगळं कुठे गेलं?"

"तुमची मनःस्थिती मी समजू शकतो."

"माझी मनःस्थिती राहू द्या. ती बोलते. मला पाच मिनिटं द्या."

डॉक्टरांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मान डोलावली. त्या खरंच चांगल्या होत्या. बाबांनी स्टूल ओढलं आणि बसले. हात त्यांनी मांड्यांखाली दाबून घेतले. तीन परक्या माणसांसमोर माझे वडील मॅच सांगायला लागले. सुरुवातीला आवाज फुटत नव्हता. जाहिरातीने चेंडू लांबून फेकला, आपटला. घाईगडबड पळत सुटला, चेंडू मागेच राहिला. हळूहळू राग त्यांच्या मदतीला आला. ओंडक्याचं नाव निघालं तसे ते नेहमीचे झाले, जाड आवाज, पुढे काढलेली मान. कासवाच्या पाठीवर चढून आला का हा, म्हणाले. धक्का बसला, पडला. उठला. फ्री थ्रो. सिस्टर फाइल छातीशी धरून ऐकत होत्या. बाबांनी चेंडू दोनदा आपटला आणि फेकला.

आईची मान भिंतीकडे वळायला लागली. मी पाहिलं. या वेळी मी स्वतः पाहिलं.

"पण तो उंच सेंटर तर आता संघात नाही ना?" डॉक्टर म्हणाले. त्यांनी अगदी सहज, हसून विचारलं. खेळाची आवड असलेला माणूस दुसऱ्या शौकिनाशी बोलतो तसं. "सीझनच्या सुरुवातीलाच त्याला काढलं. मी ऐकलं होतं."

सिस्टरच्या हातातली फाइल घेऊन ती डॉक्टरांच्या डोक्यात घालावी, असं मला मनापासून वाटलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. आईची मान अर्ध्यावर थांबली, मग सावकाश परत आली. तिने डॉक्टरांकडे बघितलं. बाबांकडे बघितलं. बाबांच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं, ते वाचायला अक्षरओळख लागत नव्हती. आईचा चेहरा लाल व्हायला लागला, आधी मान, मग गाल. खालचा ओठ एका बाजूने खेचला गेला.

"को," ती म्हणाली. थांबली. "कोणी?"



"काय म्हणालात?" डॉक्टर पुढे वाकले. आईने त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"कोणी... का... काढलं?"

याचं उत्तर बाबांना तोंडपाठ होतं. मालक, मास्तर, जाहिरात, रेडिओवर बडबडणारे, सगळ्यांचा त्यांनी त्या दिवशी फोनवर उद्धार केला होता. मला वाटलं, आता ते सुरू करतील, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे आईवडील ओंडक्याबद्दल एका बाजूला बसतील. बाबांनी तोंड उघडलं. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते मिटून घेतलं.

आईने डाव्या हाताचं बोट उचललं आणि त्यांच्यावर रोखलं.

"तुम्ही," ती म्हणाली.

कार्डवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "छान," त्या म्हणाल्या, "खूप छान." डॉक्टर सिस्टरला फाइलमध्ये काय लिहायचं ते सांगत होते; या वॉर्डातला मुक्काम वाढवायचा असं काहीसं मला अर्धवट ऐकू आलं. आनंदाने मी तिथेच खाली बसले असते. पण मी बाबांकडे बघत होते. इतके दिवस ज्या आवाजाची वाट बघितली, तो आला आणि त्यातला पहिला आरोप त्यांच्यावरच होता. ओंडका गेल्याचं त्यांना तिच्याइतकंच दुःख होतं, हे फक्त मला माहीत होतं. सांगायला मी पुढे झाले, तर बाबांनी हात वर करून मला थांबवलं.

"हो," ते म्हणाले. "मीच काढलं. किती वर्षं मागे लागलो होतो त्यांच्या. शेवटी ऐकलं माझं. घालवला तुझा ओंडका. चांगलं झालं घालवला."

आईने पलंगाची दांडी धरली आणि एका हाताच्या जोरावर स्वतःला उशीपासून वर खेचलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती त्यांच्याकडे अशी बघत होती की दुसऱ्या कुणाची मान खाली गेली असती.

"बोल," बाबा म्हणाले.

तिचं तोंड उघडं होतं, शब्द सापडत नव्हता. बाबांनी स्टूल आणखी पुढे ओढलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि शिव्या खायला तयार होऊन बसले.